जनावरांच्या दवाखान्याचा लोगो: पंजा, साप की आणखी काही?

माणदेशी_मुक्ता

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यक आहे. शिरवळच्या कॉलेजातून पदवी घेतली, सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं आणि आता दिवाळीनंतर सांगोल्यात स्वतःचं रुग्णालय सुरू करतेय. मागे मोठ्या जनावरांसाठी पत्र्याची शेड आणि दोन खोडे (तपासताना जनावर धरून ठेवायच्या चौकटी), पुढे कुत्र्यामांजरांची तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी आणि छोटं ऑपरेशन थिएटर. कर्ज मंजूर झालंय, बांधकाम स्लॅबपर्यंत आलंय. गाडी अडलीय लोगोपाशी.

एका डिझायनरला आगाऊ पैसे देऊन लोगो करून घेतला होता. निळ्या गोलात पांढरा पंजा आणि पंजाच्या मधल्या गादीत अधिकचं चिन्ह. मला आवडलाही होता. आठवड्याभरात मैत्रिणीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या पाटीचा फोटो पाठवला. तोच पंजा, फक्त हिरवा. विचारलं तर डिझायनर म्हणाला, "मॅडम, पंजा सगळ्यांचा सारखाच असतो."

ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जनावरांना पंजाच नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सगळी खुराची. वस्तीवरून शेळी खांद्यावर टाकून आलेल्या माणसाला पाटी बघून वाटायला नको की हे फक्त बंगल्यातल्या कुत्र्यांचं आहे. आणि पामेरियन घेऊन आलेल्या शिक्षिकाबाईंना हा गुरांचा कोंडवाडा वाटायला नको.

तर प्रश्न असा: दोघांनाही आपला वाटेल आणि दुसऱ्या कुणाचा वाटणार नाही, असा लोगो कसा असावा?

धोंडीबा_पाटील

गाय-वासरू काढा. वसुबारसेला दारात रांगोळी काढतो तसं. दुसरा विचारच नको.

इतिहासाचा_विद्यार्थी

धोंडीबा, वडीलधाऱ्यांना विचारून बघा, गाय-वासरू म्हटलं की त्यांना आधी मतपत्रिका आठवते. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसची निशाणी बैलजोडी होती, 1971 ला इंदिरा काँग्रेसची गाय-वासरू झाली आणि 1978 पासून हात, म्हणजे आपल्या बोलीत पंजा. बैल, गाय, वासरू, पंजा, सगळं एकाच पक्षाने वापरून झालंय. डॉक्टरीणबाईंनी पंजा लावला की निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी उमेदवाराचा पत्ता विचारत येणार!

रानवारा

हा हा, इतिहासाचा_विद्यार्थी, हे लक्षातच आलं नव्हतं. आमच्या आजोबांच्या तोंडी अजून "बैलजोडीवर शिक्का" आहे.

कोरलवाला_सांगली

ताई, मी बावीस वर्षं डीटीपी आणि लोगोचं काम करतोय. तुमच्या डिझायनरने जे केलं ते फार चालतं. तयार चित्रांच्या साइटवरून पंजा उतरवायचा, रंग बदलायचा, खाली नाव टाकायचं. ते चित्र तुमच्या आधी हजार जणांनी उतरवलेलं असतं, त्यामुळे ते तुमचं कधीच होत नाही.

पंजाचंच म्हणाल तर तो तरी कुठे सारखा असतो? कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजर नखं आत ओढून चालतं म्हणून तिच्या ठशात ती दिसत नाहीत. लोगोत जो पंजा काढतात तो यांतल्या कुणाचाच नसतो, गुबगुबीत बिस्किटासारखा काहीतरी असतो.

आता कामाचं. लोगो आधी काळ्या रंगात करून मागा, रंग शेवटी. कारण तो तुम्हाला रबरी शिक्क्यावर लागणार, औषधाच्या चिठ्ठीवर लागणार, लसीकरणाच्या कार्डावर झेरॉक्स होऊन जाणार. व्हॉट्सअॅपच्या डीपीत तो गोल कापला जाणार आणि नखाएवढा दिसणार. तिथे जो टिकला तो खरा. छटा-सावल्या, चकाकणारी अक्षरं या सगळ्याचा शिक्क्यावर नुसता डाग होतो. आणि पैसे चुकते करण्याआधी मूळ व्हेक्टर फाइल (रेषांची, कितीही मोठी करता येणारी) ताब्यात घ्या, नुसता जेपीजी घेऊ नका. मोठ्या फलकाला जेपीजी ताणला की कडा फाटतात.

न्यू_जर्सीकर

इकडे अमेरिकेत पशुवैद्यकांच्या चिन्हात इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्यावर काठीला वेटोळं घातलेला साप असतो. जगभर ओळखलं जाणारं चिन्ह आहे. तेच थोडं बदलून घेता येईल की.

रानवारा

न्यू_जर्सीकर, सांगोल्यात 'व्ही' म्हणजे काय समजायचं? विठ्ठल? (पंढरपूर जवळ आहे, चालून जाईल म्हणा!)

डॉ_वऱ्हाडी

मीही याच पेशातला, यवतमाळकडे. सापाचा अनुभव सांगतो. माझ्या पाटीवर काठी आणि साप होता. पहिल्याच पावसाळ्यात रात्री अकराला एक माणूस मुलाला घेऊन आला. साप चावला होता. पाटीवरचा साप बघून त्यांना वाटलं इथे सापाचं औषध मिळतं. गाडीत घातलं आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं, पोरगं वाचलं. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. त्या वीस मिनिटांची आठवण अजून अंगावर येते.

आणखी एक. पुष्कळ जण दोन साप आणि पंख असलेली काठी लावतात. ती ग्रीकांच्या हर्मीसची, म्हणजे व्यापार आणि निरोप्यांच्या देवाची. 1902 मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने ती घेतली आणि घोळ पसरला. वैद्यकाची काठी एका सापाची, बिनपंखांची. ती ग्रीकांच्या वैद्यकदेवाची, अस्क्लेपियसची. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात तीच आहे.

वकील_नाना

लाल अधिकाचा मोहही टाळा. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे दवाखान्याचं चिन्ह नाहीच. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून 1864 पासून चालत आलेली ती खूण आहे आणि आपल्याकडे 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती वापरायला मनाई आहे. माणसांचे डॉक्टरही सर्रास लावतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

लोगो स्वतःचा झाला की ट्रेडमार्क करून घ्या. पशुवैद्यकीय सेवा वर्ग 44 मध्ये येते. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्जाआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध घ्या, तो फुकट आहे. नोंदणी हातात येण्याआधी गोलातला 'आर' लावू नका, तो गुन्हा ठरतो.

शुद्धलेखनवाली_मावशी

मुलींनो-मुलांनो, चित्र काहीही काढा पण पाटीवर "पशूवैद्यकीय" लिहू नका. सुटा शब्द "पशू", शू दीर्घ. समासात आला की मूळ संस्कृत ऱ्हस्व राहतो: पशुवैद्यकीय, पशुसंवर्धन, पशुपालन. मी गावोगावच्या पाट्या बघत जाते, निम्म्या चुकीच्या असतात. दहा फुटी अक्षरात चूक झाली तर दहा वर्षं ती तिथेच राहते.

धोंडीबा_पाटील

मावशी, आमच्याकडं सगळे "ढोरांचा दवाखाना" म्हणत्यात, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही!

शुद्धलेखनवाली_मावशी

धोंडीबा, ढोर शब्द गोड आहे, तोही लिहा. फक्त "डोर" नको.

परळकर

अवांतर वाटेल, पण नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं हॉस्पिटल आहे, एकोणिसाव्या शतकातलं. मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेज 1886 मध्ये तिथेच सुरू झालं. माझं सगळं लहानपण त्या परिसरात गेलं आणि मोठा होईपर्यंत मला ते अधिकृत नाव माहीत नव्हतं. टॅक्सीवाला, भाजीवाली, बसचा कंडक्टर, सगळे म्हणणार "बैलघोडा हॉस्पिटल". तिथे आम्ही आमची मांजर न्यायचो. बैलघोड्यात मांजर नेतोय याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मला म्हणायचंय ते हे: लोक लोगो बघून त्याला नाव देतात. "ते अमुकचं हॉस्पिटल ना?" असं म्हणता यायला हवं. नाव देता येत नसलेलं गोल-गोल चिन्ह कितीही देखणं असलं तरी पत्ता सांगायला उपयोगी पडत नाही.

रानवारा

परळकर, हा प्रतिसाद फार आवडला.

खिलारची शिंगं घ्या ना मग. सांगोला-आटपाडी म्हणजे खिलारचा मुलूख. ती मागे झुकून वर गेलेली लांब शिंगं काढली की दुसऱ्या कुठल्या गावचा लोगो वाटणारच नाही.

माणदेशी_मुक्ता

रानवारा, शिंगं मलाही सुचली होती. कागदावर दोन रेषांत उतरतात, सुंदर दिसतात. पण माझ्या शेडमध्ये खिलार आता कमी येतात, जास्त जर्सी आणि होल्स्टीन संकरित. त्यांची शिंगं वासरू असतानाच आम्ही डागून काढतो. जे मी स्वतःच्या हाताने काढते तेच पाटीवर मिरवणं मनाला पटेना. शिवाय कुत्र्याला शिंगं कुठली?

कोरलवाला_सांगली

ताई, एक विचारतो. चित्राचा विचार सोडा. गोठ्यात गेल्यावर तुमचा हात सगळ्यात आधी कुठे जातो?

माणदेशी_मुक्ता

कोरलवालादादा, तुमचा प्रश्न वाचला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

कानाला. माझा हात आधी कानाला जातो.

मागच्या पौषातली गोष्ट. रात्री दोनला वस्तीवरून फोन. संकरित गाय, तिसरं वेत, संध्याकाळी व्यायलेली, आता बसलीय ती उठत नाही. गेले तेव्हा बॅटरीच्या उजेडात गाय मान वळवून कुशीवर टाकून बसली होती आणि घरातली आजी तिचा कान दोन्ही तळहातांत धरून चोळत होती. मला म्हणाली, "बाई, कान पार गार पडल्यात गं." निदान आजीने करून ठेवलं होतं. आम्ही त्याला दुग्धज्वर म्हणतो. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग गार पडतं. व्यायल्यावर चिकात एकदम कॅल्शियम जातं, रक्तातलं कमी होतं, स्नायू काम सोडून देतात. मानेच्या शिरेतून कॅल्शियम सोडलं, अगदी हळू, एका हाताने स्टेथोस्कोप छातीला लावून, कारण घाई केली तर हृदय बंद पडू शकतं. बाटली अर्धी झाली तशी गाय थरथरली, ढेकर दिला, कोरड्या नाकपुडीवर दव धरल्यासारखे थेंब आले. आजीने कान सोडला नव्हता. म्हणाली, "आलं, ऊन आलं." थोड्या वेळाने गाय उठली.

कुत्र्याचंही तेच. मान एका बाजूला कलती ठेवून आला की आधी कान उचलून बघायचा. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, गायी-म्हशींच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. जनावराची सगळी हकिकत कानावर लिहिलेली असते. आणि त्याला बोलता येत नाही, म्हणून ऐकण्याचं काम आमचं.

डॉ_वऱ्हाडी

मुक्ताताई, वाचताना माझाही हात नकळत पुढे झाला. सोळा वर्षांत हे कधी शब्दांत मांडलं नव्हतं. कानच.

रानवारा

कान! पण... कानाचा लोगो लावला तर लोक कान-नाक-घशाचा दवाखाना समजतील की. परळकरांच्या न्यायाने "ते कानाचं हॉस्पिटल" म्हणत कुणी मळ काढायला येईल.

कोरलवाला_सांगली

रानवारांचा मुद्दा खरा आहे. सुटा कान काढून पाहिला. गायीचा कान पानासारखा दिसतो. मुलीला दाखवला, ती म्हणाली "रोपवाटिका". कान चेहऱ्यावर हवा, आणि पूर्ण चेहरा काढला की तो एकाच जनावराचा होतो. गाय काढली की कुत्रा गेला.

लोगो_एआयने

एवढा खल कशाला? एआयला सांगा, मिनिटात वीस नमुने देतो.

माणदेशी_मुक्ता

लोगो_एआयने, तेही करून पाहिलं होतं. वीसपैकी सोळात पंजा, तिघांत हृदयाच्या आकारात कुत्रा-मांजर, एकात पाच पायांची गाय. "पशुवैद्यकीय" शब्दाची जोडाक्षरं मोडून पडली होती. त्याने जगात जे जास्त आहे तेच काढून दिलं, आणि मी नेमकं त्याच्याच बाहेरचं शोधतेय.

जुना_पेंटर

नमस्कार. मी इथे फक्त वाचायला येतो. आज लिहितो. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा. फ्लेक्स आल्यावर काम कमी झालं, हात अजून चालतो.

बाई, चित्र वेगळं आणि अक्षर वेगळं असं कशाला करता? अक्षराचंच चित्र होऊ द्या. 'प' काढा, पशूचा प. वरची शिरोरेघ दोन्ही बाजूंना लांबवा. टोकं नुसती कापून सोडू नका, तिथं कान काढा. डावीकडं आडवा कान, गायीचा असतो तसा, लांबट, टोकाला निमुळता. उजवीकडं खाली पडलेला कान, उस्मानाबादी शेळीचा म्हणा नाहीतर कुत्र्याचा म्हणा. 'प'चं पोट म्हणजे तोंड. डोळे-नाक काही काढू नका. बघणारा आपलं जनावर आपण बघतो.

वसरीच्या फरशीवर ओल्या बोटाने काढून पाहिलं. नातू म्हणाला, "आजोबा, आपली खंडी." खंडी आमची कुत्री.

रंग दोनच घ्या, गेरूचा आणि चुन्याचा. बैल सजवताना अंगावर गेरूचे ठिपके देतो, त्यामुळं तो रंग जनावराचा आहे हे सांगावं लागत नाही. फ्लेक्स लावू नका. आमच्या उन्हात लाल-पिवळा आधी उडतो, निळा तेवढा मागं राहतो. भिंतीवर एनॅमलने करा, वर्षानुवर्षं हलत नाही.

परळकर

काका, साष्टांग नमस्कार.

कोरलवाला_सांगली

पेंटरकाका, रात्री बसून कोरलमध्ये काढलं. तीन गोष्टी नोंदवतो, राग मानू नका. शिरोरेघेची जाडी कानाच्या बुंध्याशी तेवढीच ठेवली की कान चिकटवलेला वाटत नाही, रेघेतूनच उगवल्यासारखा येतो. उजवा कान 'प'च्या उभ्या दांड्याला चिकटत होता, लहान आकारात 'ष'सारखं काहीतरी दिसायला लागलं. तो थोडा बाहेर फाकवला तेव्हा अक्षर मोकळं झालं. आणि डाव्या कानात बिल्ल्याएवढं एक गोल भोक ठेवलंय. काळ्या-पांढऱ्यातही उठून दिसतं. डीपीच्या मापात लहान करून पाहिलं, प वाचता येतो, कान दिसतात.

खालचं नाव मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींच्या 'मुक्ता' फाँटमध्ये लावलंय. फाँट खुल्या परवान्याचा आहे, फुकट आणि कायदेशीर. नावही तुमचंच निघालं.

शुद्धलेखनवाली_मावशी

आणि शुद्धलेखन?

कोरलवाला_सांगली

पशुवैद्यकीय. शु ऱ्हस्व. मावशी, तीनदा तपासलं.

वकील_नाना

एक सूचना. लोगो कोरलवाल्यांनी आणि पेंटरकाकांनी मिळून केलाय, तेव्हा हक्क मुक्ताताईंच्या नावे लिहून द्या. एका कागदावर, सह्यांनिशी, ठरलेला मोबदला लिहून. आज प्रेमाने झालेलं काम उद्या कागदाविना अडू नये. 1992 ची पशुवैद्यकांची आचारसंहिताही जाहिरातीपुरती एकदा वाचून घ्या, उद्घाटनाच्या पत्रकाआधी.

जुना_पेंटर

मला पैसे नकोत. सही करतो.

माणदेशी_मुक्ता

काका, मोबदला घ्यावाच लागेल, नाना सोडणार नाहीत आणि मीही नाही. खंडीची लस आयुष्यभर माझ्याकडे, ती वेगळी.

रविवारी सकाळी छापील कागद घेऊन जनावरांच्या बाजारात गेले. नाव झाकलं, फक्त 'प' दाखवला, विचारलं, हे काय आहे? शेळ्यांचा व्यापारी म्हणाला, "बोकड. कान बघा की." दूध संकलनवाला म्हणाला, "कालवड, बिल्ला मारलेली." चहाच्या गाड्यावरची आठवीतली मुलगी म्हणाली, "प आहे, पण कुत्र्यासारखा." एका म्हाताऱ्या बाबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "जित्राब हाय. कान टवकारून ऐकतंय." कुणीही रोपवाटिका म्हणालं नाही, कुणीही मळ काढायचं बोललं नाही.

हाच लोगो. ट्रेडमार्क रजिस्ट्रीत शोध घेतला, वर्ग 44 मध्ये याच्या जवळचं काही सापडलं नाही. अर्ज या आठवड्यात करते.

काका, रस्त्याकडची भिंत बारा फूट रुंद आहे. गिलावा कालच झालाय. कधी येताय?

जुना_पेंटर

गिलावा ओला आहे, महिनाभर वाळू द्या, रोज पाणी मारा पहिले आठ दिवस. मग प्रायमरचा एक हात देऊन ठेवा. सकाळी ऊन चढायच्या आत कान काढून घेऊ, नाव दुपारनंतर. शिडी माझी आहे, फक्त खाली धरायला एक माणूस द्या.